दोन सावत्र बहिणी : कॅबर्ने आणि मर्लो

द्राक्ष हा शब्द कानीं पडला कीं महाराष्ट्रांतील माणसाच्या डोळ्यांपुढें नाशिकचा किंवा तासगांवचा घड उभा राहतो. मणी मोठा व दळदार असावा, साल पातळ असावी, आंत बी नसावी आणि गोडी भरपूर असावी, ही आपल्या बाजारांतील चांगल्या द्राक्षाची परीक्षा होय. खाण्याच्या द्राक्षाला ही परीक्षा योग्यच आहे. परंतु ज्या द्राक्षांपासून जगांतील नामांकित तांबडी वाइन तयार होते त्यांना ती लावली, तर तीं पहिल्याच प्रश्नाला नापास होतील. त्यांचा मणी लहान, साल जाड, आंत बिया, आणि चावून खाल्लें तर जांभळाप्रमाणें जीभ रंगविणारें व घशाला धरणारें असें तें फळ असतें. गंमत अशी कीं, खाणाऱ्यास जे दोष वाटतात तेच वाइन करणाऱ्याचें भांडवल होय.

अशा द्राक्षांत दोन जातींचीं नांवें सर्वतोमुखीं झालेलीं आहेत : एक कॅबर्ने सोव्हिन्यों व दुसरी मर्लो. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें, २०१५ सालीं जगांत कॅबर्ने सोव्हिन्योंची लागवड सुमारें ३ लाख ४० हजार हेक्टरांवर होती आणि मर्लोची सुमारें २ लाख ६६ हजार हेक्टरांवर. वाइनच्या द्राक्षांत पहिला व दुसरा क्रमांक या दोघींचाच होता. मुंबई-पुण्याच्या दुकानांतहि हीं नांवें आतां अपरिचित राहिलेलीं नाहींत. तेव्हां या दोहोंत श्रेष्ठ कोणती, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो, आणि पुष्कळ जाणते ‘कॅबर्ने’ असें चटकन् उत्तर देऊन मोकळे होतात. या उत्तरांत फळाच्या गुणाचा भाग किती आणि नांवाच्या वजनाचा किती, हें तपासून पाहण्यासारखें आहे.

प्रथम दोघींचें कुलवृत्त पाहूं. दोघींचें माहेर एकच. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत, अटलांटिक महासागराजवळ, बोर्दो नांवाचें जुनें बंदर आहे. त्याच्या आसमंतांतील मळ्यांत या दोन्ही जाती नांवारूपास आल्या. कॅबर्ने सोव्हिन्यों ही फार प्राचीन, रोमन लोकांच्या काळापासूनची जात असावी, अशी पुष्कळांची समजूत होती. ती १९९७ सालीं कोलमडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत कॅरोल मेरेडिथ व जॉन बाउअर्स यांनीं वेलींच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून असें दाखवून दिलें कीं, ही जात कॅबर्ने फ्राँ व सोव्हिन्यों ब्लाँ या दोन जातींच्या संकरांतून जन्मास आली आहे. हा संकर कोणीं मुद्दाम केलेला नव्हता; एखाद्या मळ्यांत दोन जातींच्या वेली शेजारीं होत्या आणि निसर्गानें आपलें काम केलें. यांत नवलाची गोष्ट अशी कीं, सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढऱ्या द्राक्षाची जात आहे. जगांतील अतिशय गडद रंगाच्या वाइनचें अर्धें कूळ असें गोऱ्या घराण्यांतलें निघालें.

मर्लोच्या जन्माची हकीकत याहूनहि मनोरंजक आहे. तिच्या जन्मदात्यांपैकीं एक कॅबर्ने फ्राँच होय, हें आधीं कळलें होतें. दुसरा पत्ता मात्र लागत नव्हता. अखेर ब्रिटनी प्रांतांतील सां-सुलियाक या गांवीं कोणाचें लक्ष नसलेली एक वेल सांपडली, आणि पुढें तीच वेल शारांत भागांतील कांहीं खेड्यांत घरांच्या दारापुढें वाढलेली आढळली. तेथील लोक तिला संत मादलेनच्या नांवानें ओळखत, कारण त्या संताच्या सणाच्या सुमारास, म्हणजे २२ जुलैच्या आगेंमागें, तिचीं फळें पिकूं लागत. हीच मर्लोची माता, असें फ्रेंच संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलें. जिच्या लेकीचें नांव जगभर गाजलें ती आई कोणा शेतकऱ्याच्या दारांत अनामिक उभी होती! मर्लो लवकर पिकते; हा स्वभाव तिला आईकडून मिळाला असावा. तिचें नांव ‘मर्ल’ या फ्रेंच शब्दावरून आलें असें मानतात. मर्ल म्हणजे आपल्याकडील कस्तुराच्या जातीचा एक काळा गाणारा पक्षी. तेव्हां कॅबर्ने सोव्हिन्यों व मर्लो यांचा एक जन्मदाता समान व दुसरा निराळा. अर्थात् या दोघी सावत्र बहिणी होत.

आतां दोघींच्या गुणांतील भेद समजण्यासाठीं वाइन कशी होते हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. आपल्याकडील वैद्य धायटीचीं फुलें घालून द्राक्षासव मुरवितात, त्याच तत्त्वावर ही क्रिया चालते. द्राक्षें चुरडलीं कीं किण्व रसांतील साखरेवर वाढूं लागतें, साखरेचें मद्यार्कांत रूपांतर होतें आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायु बुडबुड्यांच्या रूपानें निघून जातो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळांत पाण्यासारखा फिका असतो. रंग असतो तो सालींत. म्हणून तांबडी वाइन करतांना रस एकटा आंबवीत नाहींत, साली व बिया यांच्यासह आंबवितात. त्या मुरत असतां सालीचा रंग रसांत उतरतो व त्याबरोबर एक तुरट द्रव्यहि उतरतें. त्यास टॅनिन म्हणतात. हिरडा चघळल्यावर, सुपारी खाल्ल्यावर किंवा फार वेळ उकळलेला चहा प्यायल्यावर तोंड कोरडें व खरखरीत होतें, तें याच वर्गांतील द्रव्यांमुळें. लाळेंत जीं प्रथिनें असतात त्यांना हें द्रव्य बांधून टाकतें, त्यामुळें जिभेवरील बुळबुळीतपणा नाहींसा होतो. तरुण वाइनमध्यें हा तुरटपणा बोचतो. परंतु तोच तिला टिकाऊपणा देतो, आणि वर्षें लोटतात तसतसा तो स्वतःहि निवळत जातो.

हा धागा हातीं धरला कीं दोघी बहिणींचा फरक आपोआप उलगडतो. कॅबर्ने सोव्हिन्योंचा मणी लहान, साल जाड आणि गराच्या मानानें बियांचें प्रमाण अधिक. त्यामुळें तिच्या वाइनला गडद रंग, भरपूर तुरटपणा व ठसठशीत आंबटपणा येतो. तिच्या वासांत काळ्या बेदाण्यासारख्या एका युरोपीय बोरफळाची छटा असते, आणि फळ पुरतें पिकलें नसेल तर हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास स्पष्ट येतो. हा भास नव्हे. ढोबळ्या मिरचीला जो वास असतो तो ज्या द्रव्यामुळें येतो, तेंच द्रव्य या द्राक्षांतहि असतें, आणि ऊन मिळून फळ पिकूं लागलें कीं तें कमी होतें. मर्लोचा मणी त्याहून मोठा, साल पातळ, साखर अधिक व आंबटपणा कमी. तिची वाइन मऊ, भरीव व गोलसर लागते; वासांत पिकलेल्या आलुबुखाराची आठवण असते. कॅबर्नेची वाइन तरुणपणीं थोडी कठोर व अबोल असते, तिला कित्येक वर्षें थांबावें लागतें. मर्लोची सामान्यतः लवकर बोलती होते. अर्थात् हा नियम नव्हे, कल आहे. उत्तम भूमींतली मर्लो अनेक दशकें टिकते, आणि हलक्या हातानें केलेली कॅबर्ने दोन वर्षांतहि पिण्याजोगी होते.

स्वभाव निराळे, म्हणून जमिनीहि निराळ्या. बोर्दोच्या प्रदेशांत गारोन व दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिराँद नांवाची रुंद खाडी होते व ती समुद्रास मिळते. खाडीच्या डाव्या तीरावर मेदॉक हा भाग आहे. तो पूर्वीं दलदलीचा होता. सतराव्या शतकांत डच स्थापत्यकारांनीं चर खणून त्याचा निचरा केला, आणि नदीनें आणून टाकलेल्या गोट्यांचे उंचवटे मोकळे झाले. ही गोट्यांची जमीन पाणी धरीत नाहीं, दिवसा तापते व ती ऊब राखते. उशिरां पिकणाऱ्या कॅबर्नेला अशीच ऊब हवी. उजव्या तीरावर पोमेरोल व सेंतेमिल्यों हे भाग येतात. तेथें चिकण माती व चुनखडी अधिक. ती थंड व ओलसर राहते. अशा जमिनींत कॅबर्ने पुष्कळदां कच्ची राहते. मर्लो मात्र कॅबर्नेच्या आठ-पंधरा दिवस आधींच पिकत असल्यामुळें पावसाळी शरद् ऋतु येण्यापूर्वींच हातीं लागते.

परंतु लवकर उठणाऱ्यास थंडीहि आधीं लागते. मर्लोचे डोळे वसंतांत लवकर फुटतात, आणि एप्रिलच्या अखेरीस एखाद्या रात्रीं हिंव पडलें तर कोंवळे फुटवे एका रात्रींत जळून जातात. २०१७ सालच्या एप्रिलमध्यें बोर्दोच्या बागाइतदारांनीं हा अनुभव घेतला. फुलोऱ्याच्या वेळीं हवा थंड व ओली असली तर मर्लोचीं फुलें गळतात. साल पातळ असल्यामुळें पावसांत घड कुजतातहि. कॅबर्ने उशिरां फुटते म्हणून हिंवांतून बहुधा निसटते, जाड सालीमुळें पाऊसहि सोसते. मात्र उन्हाळा तोकडा पडला तर तिचें फळ पिकतच नाहीं. यांवरून शेतकऱ्यानें दोन्ही जाती लावण्याची चाल कां पडली तें कळेल. आपल्याकडील कोरडवाहू शेतकरी बाजरींत मटकी किंवा तूर पेरतो, त्यांत जो हिशेब असतो तोच हा. एक हुकली तर दुसरी हात देते. निसर्गानें मात्र एकदां हा हिशेबहि मोडला. १९५६ सालच्या फेब्रुवारींत अशी कडक थंडी पडली कीं, बोर्दोंत, विशेषतः उजव्या तीरावर, असंख्य वेली मुळासकट मेल्या. पुढें जी नवी लागवड झाली तींत मर्लोला मोठा वांटा मिळाला, आणि आज बोर्दोंतील तांबड्या द्राक्षांच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर तीच आहे. कॅबर्नेचें गांव म्हणून ज्याची ख्याति, त्या गांवांत बहुमत मर्लोचें आहे!

मळ्यांतील हा शेजार पुढें पिंपांतहि टिकला. बोर्दोची बहुतेक तांबडी वाइन एका जातीची नसते. निरनिराळ्या जातींच्या वाइन स्वतंत्र करून, नंतर चाखून, त्या वर्षाचा रंग पाहून त्यांचें मिश्रण करितात आणि ओकच्या लांकडाच्या २२५ लिटरांच्या पिंपांत मुरवितात. कॅबर्ने त्या मिश्रणाला कणा व आयुष्य देते. मर्लो भरीवपणा व स्निग्धता देते. आमटींत चिंच व गूळ दोन्ही कां घालावीं लागतात, हें ज्या घरांत कळतें तेथें या मिश्रणाचें मर्म निराळें सांगावयास नको. एकट्या चिंचेनें दांत आंबतात, एकट्या गुळानें आमटी मिळमिळीत होते. दोहोंचें प्रमाण जुळलें कीं चिंच वेगळी ओळखूं येत नाहीं व गूळहि नाहीं.

मग कॅबर्नेचा मान अधिक कां? याचें उत्तर पुष्कळ अंशीं इतिहासांत आहे. १८५५ सालीं पॅरिस येथें मोठें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारच्या इच्छेवरून बोर्दोच्या दलालांनीं तेथील नामांकित वाइनची प्रतवारी केली. कसोटी मुख्यतः बाजारभावाची होती. तींत तांबड्या वाइनचे जे मळे आले ते, ओ-ब्रियों हा एक सोडल्यास, सारे मेदॉकचे, म्हणजे कॅबर्नेच्या तीराचे होते. उजव्या तीरावरील एकाहि मळ्याचें नांव त्या यादींत नाहीं. ती यादी आजहि चालू आहे; तींतील ठळक बदल म्हणजे १९७३ सालीं मूतों-रॉथशिल्ड या मळ्यास दुसऱ्या वर्गांतून पहिल्यांत मिळालेली बढती. शाळेंत एकदां पहिला नंबर आलेल्या मुलाकडे पुढें सारे शिक्षक हुषार म्हणूनच पाहतात, आणि ज्याचें नांव हजेरीपटांतच नव्हतें त्याची कोणी चौकशीहि करीत नाहीं. तसाच हा प्रकार झाला. परंतु पोमेरोलमधील पेत्रुस या मळ्याचा भाव पुढें इतका चढला कीं, त्याची गणना जगांतील अत्यंत महाग वाइनमध्यें होऊं लागली. आणि पेत्रुसच्या निळसर चिकण मातींत जवळजवळ सारी मर्लोच आहे. पोमेरोलची अधिकृत प्रतवारी अद्याप झालेलीच नाहीं. यादींत नांव नसतांहि योग्यता असूं शकते, याला याहून चांगला दाखला नको.

नांवाला भुलून मत बनविण्याची खोड किती खोल असते हें आणखी दोन प्रसंगांनीं दिसून आलें. २४ मे १९७६ रोजीं स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानें पॅरिस येथें एक परीक्षा ठेवली. बाटल्यांवरील नांवें झांकून नऊ फ्रेंच परीक्षकांस वाइन चाखावयास दिल्या. तांबड्या वाइनमध्यें बोर्दोच्या प्रसिद्ध मळ्यांना मागें टाकून पहिली आली ती कॅलिफोर्नियांतील स्टॅग्ज लीप या मळ्याची १९७३ सालची कॅबर्ने सोव्हिन्यों. घराणें पाहून नव्हे तर चव पाहून निर्णय दिला कीं निकाल कसा फिरतो, हें त्या दिवशीं परीक्षकांच्याच हस्ताक्षरांत नमूद झालें. उलट प्रकार २००४ सालीं घडला. ‘साइडवेज’ या अमेरिकन बोलपटाचा नायक मर्लोचें नांव काढतांच संतापतो. त्यानंतर अमेरिकेंत मर्लो पिणें कमीपणाचें वाटूं लागलें. परंतु त्याच नायकानें जिवापाड जपून ठेवलेली बाटली शेव्हाल ब्लाँ या सेंतेमिल्योंच्या मळ्याची १९६१ सालची होती. आणि ती वाइन कॅबर्ने फ्राँ व मर्लो यांचीच असते. ज्याची निंदा केली तेंच त्याच्या कपाटांत होतें.

चिली देशांत तर याहून मोठा घोटाळा होता. तेथें एकोणिसाव्या शतकांत बोर्दोहून आणलेल्या वेलींपैकीं पुष्कळ वेलींना पिढ्यान् पिढ्या मर्लो म्हणत. त्या जरा उशिरां पिकतात व त्यांची वाइन थोडी तिखटसर लागते, एवढेंच लोकांच्या ध्यानीं आलें होतें. १९९४ सालीं फ्रेंच वनस्पतिज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको यांनीं त्या पाहून सांगितलें कीं, यांतील बऱ्याचशा मर्लो नसून कार्मेनेर नांवाची, फ्रान्समध्यें जवळजवळ नामशेष झालेली जात आहे. कार्मेनेरसुद्धां कॅबर्ने फ्राँच्याच वंशांतली. म्हणजे घोटाळा झाला तोहि सावत्र बहिणींतच.

आतां हवामान दोघींची पुन्हां परीक्षा घेत आहे. बोर्दोचे उन्हाळे पूर्वींपेक्षां अधिक तापूं लागले आहेत. मर्लोचें लवकर पिकणें हा एके काळीं गुण होता. आतां उष्ण वर्षांत तिच्यांतील साखर भराभर वाढते, मद्यार्काचें प्रमाण चढतें व आंबटपणा ओसरतो. ज्या कॅबर्नेला पूर्वीं ऊन पुरत नसे तिला तें आतां मिळूं लागलें आहे. म्हणून कित्येक बागाइतदार कॅबर्नेकडे वळूं लागले आहेत, आणि २०२१ सालीं तर फ्रान्सच्या अधिकाऱ्यांनीं बोर्दोंत प्रयोगादाखल सहा नव्या जातींना परवानगी दिली. एकदां लावलेली वेल तीस-चाळीस वर्षें जमिनींत राहते. म्हणून आज कोणती जात लावावी हा प्रश्न तेथील शेतकऱ्याच्या मुलाच्या संसाराचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशीं संबंध तसा अलीकडचा. १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथें आधुनिक वाइनचा उद्योग सुरू झाला. २००० सालीं नाशिकच्या सुला या मळ्याची पहिली वाइन बाजारांत आली आणि २००१ सालीं राज्य सरकारनें या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें. नाशिककडे तांबड्या जातींत कॅबर्ने सोव्हिन्यों व शिराझ विशेष लावतात, मर्लोहि आहे. युरोपांत वेल हिंवाळाभर झोंपते. आपल्याकडे तिला झोंप अशी नाहींच. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरतांना फळाची छाटणी, अशा दोन छाटण्या द्याव्या लागतात, आणि युरोपच्या उलट, जानेवारी ते मार्च या थंड रात्रींच्या काळांत तोडणी होते. बोर्दोंतील उशिरां-लवकरचा हिशेब येथें जसाच्या तसा लागू पडत नाहीं. येथील शेतकऱ्याला आपला हिशेब आपणच मांडावा लागतो.

ज्या घरांत पाहुण्यांसाठीं कधींमधीं बाटली आणली जाते, तेथें दोन गोष्टी ध्यानांत असाव्यात. तांबडी वाइन खोलीच्या उष्णतामानावर द्यावी असें पुस्तकांत असतें, पण ती खोली युरोपांतली. १६ ते १८ अंश हें तिचें खरें माप. मे महिन्यांतील मुंबईच्या दिवाणखान्यांत ती तशीच ठेवली तर मद्यार्काचाच वास पुढें येतो. अर्धा तास शीतकपाटांत ठेवणें यांत कांहींच गैर नाहीं. दुसरी गोष्ट जेवणाची. कॅबर्नेचा तुरटपणा मांसांतील प्रथिनांनीं व स्निग्धतेनें सौम्य होतो, म्हणून भाजलेल्या मटणाशीं ती जुळते. झणझणीत रश्शापुढें मात्र तिखट व तुरट यांची जुंपते. तेथें मर्लो अधिक मिळतें घेते. आणि कोणतीहि निवडली तरी, मद्यार्क हा कर्करोगास कारण होणारा पदार्थ म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेनें १९८८ सालींच नोंदलेला आहे, हें विसरूं नये. न पिणाऱ्यानें वाइन गुणकारी समजून सुरुवात करण्याचें कांहींच कारण नाहीं.

एवढें पाहिल्यावर श्रेष्ठ कोणती, या मूळ प्रश्नाचें काय होतें? तो प्रश्नच थोडा चुकीचा होता असें दिसून येतें. गोट्यांच्या जमिनींत कॅबर्ने श्रेष्ठ, चिकण मातींत मर्लो. वीस वर्षें थांबणाऱ्यास बहुधा एक, आज संध्याकाळीं उघडणाऱ्यास बहुधा दुसरी. आणि बोर्दोच्या जाणत्या माणसास दोन्ही एकत्र. बाटलीवरील नांव वाचून मत बनविणारा १८५५ सालची यादीच पुन्हां वाचीत असतो. नांव झांकून चाखणारा मात्र त्या द्राक्षाला, त्या मातीला आणि ती कसणाऱ्या माणसाला न्याय देतो.